अधिग्रहणानंतरचा सॉफ्टवेअर-ऱ्हास

एखादे लोकप्रिय सॉफ्टवेअर घडवणारी छोटी कंपनी मोठ्या कंपनीच्या मालकीची झाल्यावर त्या सॉफ्टवेअरची होत जाणारी घसरण. आधी सुधारणा रेंगाळतात, मग नको त्या गोष्टी आत शिरतात, मूळ माणसे एकेक करून निघून जातात आणि पुष्कळदा शेवटी सेवा बंद होत असल्याची सूचना येते. खरेदीच्या दिवशी यातले काहीच दिसत नाही. ‘काहीही बदलणार नाही’ हे आश्वासन त्या दिवसाच्या निवेदनात हटकून असते, आणि देणाऱ्यांच्या मनात बहुधा खोटही नसते.

कारणे : या घसरणीमागे कटकारस्थान शोधण्याकडे वापरकर्त्यांचा कल असतो. काही प्रकरणांत ते खरेही निघते, पण बहुतेक वेळा कारण साधे असते. जे सॉफ्टवेअर त्याच्या कर्त्यांचे पोट भरत होते, ते नव्या मालकाच्या ताळेबंदात शेकडो बाबींपैकी एक होऊन बसते. ते बिघडले तर मालकाचे फारसे बिघडत नाही. शिवाय खरेदी नेहमी सॉफ्टवेअरसाठीच होते असेही नाही. कधी त्यामागची हुशार मंडळी हवी असतात, कधी तयार ग्राहकवर्ग, कधी एखादे तंत्र, तर कधी फक्त स्पर्धक वाटेतून दूर व्हायला हवा असतो.

संस्थापकांना मिळणारा मोबदला अनेकदा काही वर्षांच्या हप्त्यांत बांधलेला असतो. शेवटचा हप्ता हाती पडला की ते बाहेर पडतात, आणि अमुक गोष्ट अशीच का ठेवली आहे हे सांगू शकणारा माणूस उरत नाही. दरम्यान अभियंत्यांचा वेळ जातो तो सॉफ्टवेअर नव्या मालकाच्या सर्व्हरवर, लॉगिनवर आणि हिशेबपद्धतीवर बसवण्यात. वापरणाऱ्याला या खटाटोपाचे फळ दिसत नाही, त्रास तेवढा दिसतो. याहूने २००५ मध्ये फ्लिकर घेतले आणि २००७ मध्ये जुन्या सभासदांनाही याहूच्याच खात्यातून आत येण्याची सक्ती केली. फोटो ठेवायला आलेल्यांना त्यातून काय मिळाले, हे त्यांना शेवटपर्यंत कळले नाही.

विनॲम्प : जस्टिन फ्रँकेल याने १९९७ मध्ये आणलेला हा एमपीथ्री प्लेअर हलका आणि चपळ होता, आणि त्याचे रूप हवे तसे पालटता येई. १९९९ मध्ये अमेरिका ऑनलाइन म्हणजे एओएल या इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपनीने त्याची कंपनी नलसॉफ्ट विकत घेतली. मार्च २००० मध्ये नलसॉफ्टच्या मंडळींनी ग्नुटेला हे फायलींची थेट देवाणघेवाण करणारे सॉफ्टवेअर खुले केले, आणि एओएलने ते एका दिवसात काढायला लावले. त्याच वर्षी जानेवारीत एओएलने टाइम वॉर्नरशी विलीनीकरण जाहीर केले होते, आणि टाइम वॉर्नर संगीतही विकत असे. गाणी फुकट वाटता येतील असे साधन आणि गाणी विकणारी कंपनी एका छताखाली नांदणे शक्यच नव्हते.

२००२ मध्ये विनॲम्प ३ आले. ते मुळापासून नव्याने लिहिले होते, जड होते आणि जुने प्लगिन म्हणजे वरून जोडायचे छोटे प्रोग्रॅम त्यावर चालेनात, म्हणून लोक विनॲम्प २ वरच थांबून राहिले. २००३ च्या अखेरीस पाचवी आवृत्ती आली. चौथी का नाही, तर २ आणि ३ यांची बेरीज ५ होते म्हणून. नलसॉफ्टचा खट्याळपणा तेवढा शाबूत होता. २००४ मध्ये फ्रँकेल बाहेर पडला. नोव्हेंबर २०१३ मध्ये एओएलने प्लेअर बंद करण्याची घोषणा केली आणि २०१४ च्या सुरुवातीला तो रेडिओनॉमी या कंपनीकडे गेला. तोवर ऐकणाऱ्यांनी आपापली सोय अन्यत्र लावली होती.

एओएलच्याच घरातले दुसरे उदाहरण आयसीक्यू या संदेशसेवेचे. १९९८ मध्ये तिच्यासाठी २८.७ कोटी डॉलर आगाऊ मोजले गेले आणि २०१० मध्ये ती १८.७५ कोटींना विकून टाकली. २०२४ मध्ये ती बंद झाली.

फ्रीहँड : स्पर्धक विकत घेऊन संपवल्याचे उदाहरण म्हणून ग्राफिक कलाकार आजही फ्रीहँडचेच नाव घेतात. आल्टसिस कंपनीने घडवलेले आणि अल्डसने विकलेले हे चित्ररेखन सॉफ्टवेअर ॲडोबीच्या इलस्ट्रेटरचे थेट प्रतिस्पर्धी होते. १९९४ मध्ये ॲडोबी आणि अल्डस एकत्र आल्या, तेव्हा बाजारातल्या स्पर्धेवर लक्ष ठेवणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने फ्रीहँड आल्टसिसकडे परत द्यायला लावले आणि अशा प्रकारचे सॉफ्टवेअर परवानगीशिवाय घेण्यास ॲडोबीला दहा वर्षे मज्जाव केला. पुढे आल्टसिस मॅक्रोमीडियाकडे गेली. दहा वर्षांची मुदत सरली, आणि डिसेंबर २००५ मध्ये ॲडोबीने सुमारे ३४० कोटी डॉलरला मॅक्रोमीडियाच घेऊन टाकली. मोठे आकर्षण संकेतस्थळांवर हलती चित्रे दाखवणाऱ्या तिच्या फ्लॅशचे होते, पण फ्रीहँडही आपसूक हाती आले. २००७ मध्ये त्याचा विकास थांबवल्याचे जाहीर झाले आणि वापरणाऱ्यांना इलस्ट्रेटरकडे वळण्याचा सल्ला मिळाला.

तो सल्ला बोचला, कारण फ्रीहँडमध्ये एकाच फाइलीत वेगवेगळ्या आकारांची पाने मांडता येत. लेटरहेड, व्हिजिटिंग कार्ड आणि पाकीट एकत्र ठेवून काम करता येई. इलस्ट्रेटरला ही सोय २००८ च्या सीएस४ आवृत्तीत मिळाली. तरीही कित्येकांनी फ्रीहँड सोडले नाही. २०११ मध्ये ॲपलच्या लायन प्रणालीने जुन्या पॉवरपीसी प्रोसेसरसाठी लिहिलेले प्रोग्रॅम चालवणे बंद केले, तेव्हा मॅकवाल्यांचा निरुपाय झाला. काहींनी त्यासाठीच जुनी यंत्रे राखून ठेवली.

ॲडोबीने २०२२ मध्ये फिग्मा हे डिझाइन सॉफ्टवेअर २,००० कोटी डॉलरला घेण्याचा करार केला, तेव्हा ब्रिटन आणि युरोपीय संघाच्या नियामकांनी स्पर्धेच्या मुद्द्यावर हरकत घेतली. डिसेंबर २०२३ मध्ये करार मोडला आणि ॲडोबीला फिग्माला १०० कोटी डॉलर द्यावे लागले.

विश्वासाची विक्री : ब्राउझरची एक्स्टेन्शने (त्याला जोडायचे छोटे प्रोग्रॅम) आणि मोबाइल ॲप यांच्या बाबतीत घसरण अधिक झटपट आणि अधिक घातक असते. इथे विकणारा अनेकदा एकटा प्रोग्रॅमर असतो, आणि घेणाऱ्याला खरी किंमत वाटते ती आपोआप अपडेट स्वीकारणाऱ्या लाखो यंत्रांची. संकेतस्थळांचे रूप बदलणारे स्टायलिश हे एक्स्टेन्शन सिमिलरवेब या संकेतस्थळांच्या वापराची माहिती विकणाऱ्या कंपनीकडे गेल्यावर वापरणाऱ्याने पाहिलेल्या पानांची नोंद पाठवू लागले. २०१८ मध्ये क्रोम आणि फायरफॉक्स दोघांनीही ते काढून टाकले. न वापरलेले टॅब झोपवून ठेवणारे ‘द ग्रेट सस्पेंडर’ २०२० मध्ये अनोळखी हातांत गेले आणि पुढच्या वर्षी गूगलने ते घातक ठरवून बंद केले. या दोन्ही वेळी जुने नाव आणि जुने चांगले अभिप्राय तसेच होते.

अपवाद आणि गैरसमज : पॉवरपॉइंट हे मुळात मॅकसाठी निघालेले सॉफ्टवेअर मायक्रोसॉफ्टने १९८७ मध्ये फोरथॉट कंपनीसह १.४ कोटी डॉलरला घेतले. ते बहरले. त्याची मंडळी कॅलिफोर्नियातच स्वतंत्र विभाग म्हणून काम करत राहिली, याचा त्यात मोठा वाटा मानावा लागेल. इन्स्टाग्रामही विक्रीनंतरच अफाट वाढले. उलट स्काइपच्या शेवटाचे सगळे खापर मायक्रोसॉफ्टवर फोडणे बरोबर नाही. २०११ मध्ये ८५० कोटी डॉलरला घेतलेली ही सेवा ५ मे २०२५ रोजी बंद झाली हे खरे, पण मधल्या काळात बोलण्याचे काम संगणकावरून मोबाइलवर सरकले होते. संगणकातला कचरा साफ करणाऱ्या सीक्लीनरमध्ये २०१७ साली सापडलेल्या घातक कोडचा ठपका नवा मालक अवास्टवर आला, तरी त्या घुसखोरीची सुरुवात खरेदीपूर्वीच झाली होती.

मुक्त सॉफ्टवेअर : सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमरने लिहिलेला मूळ मजकूर, खुला असला तर ऱ्हासावर एक उतारा हाताशी असतो: कोड घेऊन वेगळी चूल मांडणे, म्हणजेच फोर्क. जानेवारी २०१० मध्ये ऑरॅकलने सन मायक्रोसिस्टिम्स ही ओपनऑफिस, मायएसक्यूएल आणि हडसन यांची मालक कंपनी घेतली, आणि त्याच सप्टेंबरात ओपनऑफिस या कार्यालयीन कामांच्या सॉफ्टवेअरच्या स्वयंसेवकांनी लिब्रेऑफिस सुरू केले. मायएसक्यूएल या डेटाबेसपासून मारियाडीबी निघाले, हडसन या प्रोग्रॅम आपोआप जुळवून तपासणाऱ्या साधनापासून जेनकिन्स. अलीकडे ‘सिंपल मोबाइल टूल्स’ ही अँड्रॉइड ॲपमाला विकली गेल्यावर तिच्यातून फॉसिफाय उभे राहिले. ही सगळी नावे नवी आहेत, कारण कोड सर्वांचा असला तरी नाव खरेदीदाराच्या मालकीचे असते. ऑरॅकलने २०११ मध्ये ओपनऑफिस अपाची फाउंडेशन या मुक्त सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या संस्थेला देऊन टाकले. त्याचा विकास आता जेमतेम चालतो, तरी लोक जुन्या ओळखीवर ते अजूनही डाउनलोड करतात.