ऊसतोडीला निघण्याआधी: मुलाची शाळा, हमी कार्ड आणि हजेरी

दिवाळीच्या आसपास मुकादमाची गाडी गावात लागली की वर्ग एका रात्रीत रिकामा होतो. म्हणून बिऱ्हाड बांधायच्या आधी मुख्याध्यापकांना भेटा. न सांगता गेलात आणि मूल सलग महिनाभर गैरहजर राहिलं, तर त्याची नोंद शाळाबाह्य मुलांत होते.

मूल आजी-आजोबांकडे मागे राहणार असेल तर हंगामी वसतिगृहासाठी नाव द्या. ते गावच्या शाळेतच चालतं, देखरेख शाळा व्यवस्थापन समितीची. पैसा समग्र शिक्षा योजनेतून येतो, केंद्राचे 60 टक्के आणि राज्याचे 40. पालकांनी काही भरायचं नसतं. खर्च मुलांच्या संख्येवर धरला जातो, त्यामुळे रोजची हजेरी खरीच लागली पाहिजे. नावं पटावर आणि पोरं उसाच्या फडात, असं झालं तर जेवणाचा पैसा खऱ्या गरजू लेकरापर्यंत पोचत नाही.

मूल सोबत येणार असेल तर शाळेतून शिक्षण हमी कार्ड मागून घ्या; स्थलांतर करणाऱ्या मुलाला दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावं म्हणून आपली शाळा ते देते. पेटीत ठेवताना प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, कोपीत, म्हणजे तोडणीच्या ठिकाणच्या झोपडीत, दवानं कागद भिजतात. कारखान्यावर पोचलात की पहिल्याच आठवड्यात जवळच्या शाळेत ते दाखवा.

तिथे ‘आधीच्या शाळेचा दाखला आणा’ म्हणाले तर परत फिरू नका. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 5 नुसार दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. जन्माचा पुरावा नसला तरी नाही (कलम 14), वर्ष अर्ध्यावर आलं असलं तरी नाही (कलम 15). वयासाठी अंगणवाडीची नोंद किंवा पालकाचं लेखी निवेदनही चालतं.

धाकट्याला सांभाळायला थांबलेल्या कितीतरी मुलींची दोन-तीन वर्षं अशीच जातात. त्यांना पहिलीत बसवायचं नसतं. कलम 4 प्रमाणे वयानुरूप वर्गात प्रवेश आणि सोबत विशेष प्रशिक्षण, किमान तीन महिने, जास्तीत जास्त दोन वर्षं. अनिवासी प्रशिक्षणासाठी समग्र शिक्षेत दर मुलामागे वर्षाला 6,000 रुपयांपर्यंत तरतूद आहे. वय 14 च्या पुढे गेलं तरी आठवी होईपर्यंत शिक्षण मोफतच.

हंगाम संपून पट्टा पडल्यावर निघताना तिकडच्या शाळेकडून हजेरी लिहून घ्या आणि गावी आल्यावर कार्डासोबत ती वर्गशिक्षकांच्या हातात द्या.