जे अजून घडलं नाही, तेही मोजायचं

औषधाने आजार किती काळ दबून राहतो, हे तपासायचं आहे. अभ्यास संपतो तेव्हा काहींचा आजार उलटलेला असतो, काहींचा नाही, काही जण मध्येच यायचे थांबलेले असतात. मग सरासरी कुणाची काढायची? उत्तरजीविता विश्लेषण ही संख्याशास्त्राची शाखा याच पेचातून वाढली.

मुळं जुनी आहेत. जन्मलेल्या १०० जणांपैकी सहा वर्षांपर्यंत ६४ जगतात, असा तक्ता लंडनच्या जॉन ग्राँटने १६६२ मध्ये मांडला. धूमकेतूमुळे ठाऊक असलेल्या एडमंड हॅलीने १६९३ मध्ये ब्रेस्लाऊ (आजच्या पोलंडमधलं व्रोत्सवाफ) शहराच्या जन्म-मृत्यूच्या नोंदींवरून वर्षासनाची, म्हणजे हयातभर दरवर्षी मिळणाऱ्या रकमेची, किंमत काढली. पण शहरभराच्या नोंदींना पुरणारे हे तक्ते वीस-पंचवीस रुग्णांपुढे तोकडे पडतात.

१९५२ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले पॉल मायर कर्करोगाच्या कालावधीवरचा ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ ग्रीनवुड यांचा जुना निबंध वाचून या प्रश्नाकडे वळले. वर्षभराने बेल लॅब या अमेरिकन टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत एडवर्ड कॅप्लन समुद्राखालच्या टेलिफोन केबलमधल्या व्हॅक्यूम ट्यूब किती टिकतात, याचा विचार करू लागले. दोघांचं गणित एकच आहे, हे संख्याशास्त्रज्ञ जॉन टुकी यांच्यामुळे कॅप्लनना कळलं. दोघांनी आपापले निबंध ज्या नियतकालिकाकडे पाठवले, त्याने त्यांना एकत्र लिहायला सुचवलं, आणि चार वर्षांच्या पत्रव्यवहारानंतर १९५८ मध्ये संयुक्त निबंध आला.

त्यांची रीत रक्ताच्या कर्करोगावरच्या १९६३ च्या एका प्रसिद्ध चाचणीत नीट दिसते. ६-मर्कॅप्टोप्युरिन हे औषध घेणारे २१ रुग्ण होते. सहाव्या आठवड्यात तिघांचा आजार उलटला, म्हणजे २१ पैकी १८ टिकले. त्याच आठवड्यात आणखी एकाची नोंद थांबली. तो तिथवर मोजला, पुढे नाही. सातव्या आठवड्यात उरलेल्या १७ पैकी एकाचा उलटला. १८/२१ आणि १६/१७ यांचा गुणाकार सुमारे ०.८१, म्हणजे सातव्या आठवड्यानंतरही आजार दबलेला राहण्याची शक्यता सुमारे ८१ टक्के. असंच पुढे गुणत गेलं की मध्यक, म्हणजे ही शक्यता निम्म्यावर येण्याचा काळ, २३ आठवडे येतो. आजार उलटलेल्या फक्त नऊ जणांची सरासरी काढली, तर ती १२ आठवडेच भरते! अर्धवट नोंदी टाकून देणं म्हणजे औषधावर अन्याय करणं.

अट एकच: नोंद थांबण्याचं कारण आजाराच्या वाटचालीशी जोडलेलं नसावं. प्रकृती ढासळल्यामुळेच रुग्ण यायचे थांबले असतील, तर हा हिशेब फसवा निघतो. म्हणून कोण का गळलं, हे प्रत्येक अहवालात लिहिलंच पाहिजे.

वय, उपचार, आजाराची तीव्रता अशा अनेक घटकांचा परिणाम एकत्र तपासायची वाट डेव्हिड कॉक्स यांनी १९७२ मध्ये दाखवली. हे घटक बाजूला ठेवले तर आजार उलटण्याचा मूळ धोका काळानुसार कसा बदलतो, हे आधी गृहीत धरायची गरज त्यात उरली नाही. उदाहरणासाठी त्यांनी याच चाचणीतले आकडे घेतले होते.