उघड्या कॉकपिटवरचा रोल हूप : नियम कसे घडत गेले
'सुप्रा' किंवा 'फॉर्म्युला भारत' या विद्यार्थ्यांच्या रेसकार स्पर्धांसाठी गाडी बांधणाऱ्या पुण्यातल्या कॉलेजांच्या टीम किलो-किलो वजन कमी करायला जीव तोडून झटतात. मेन हूपवर, म्हणजे गाडी उलटली तर चालकाचे डोके वाचवणाऱ्या मुख्य रोल हूपवर, मात्र ही काटकसर चालत नाही, आणि चालू नयेच. साधारण २५ मिमी व्यासाची, अडीच मिमी जाडीची स्टीलची नळी, फ्रेमच्या तळापासून निघून चालकाच्या डोक्यामागून पलीकडे उतरलेली, मध्ये कुठेही जोड नसलेली. नळी वाकवलेल्या जागी वळणाची त्रिज्या नळीच्या व्यासाच्या किमान तिप्पट हवी. वाकवताना नळी चेपली किंवा आतल्या बाजूला सुरकुती पडली, तर ती भंगारात टाकायची. तपासणीत चालकाला हेल्मेट घालून बसवतात आणि मेन हूपच्या माथ्यापासून फ्रंट हूपच्या (चालकाच्या पुढच्या कमानीच्या) माथ्यापर्यंत सरळ पट्टी धरतात. पट्टीखाली हेल्मेटपर्यंत ५० मिमी जागा हवी.

या ५० मिलिमीटरमागे मोठा इतिहास आहे. फॉर्म्युला वनमध्ये रोल बार, म्हणजे हूपचेच जुने रूप, १९६१ मध्ये सक्तीचा झाला. त्या काळचे फोटो पाहिले की अंगावर काटा येतो: बारीकशी नळी, तीही कित्येक गाड्यांत हेल्मेटपेक्षा खाली. गाडी उलटली की भार आधी चालकाच्या मानेवर. चालकाला सीटला बांधणारे पट्टेही नव्हते. जळत्या गाडीत अडकण्यापेक्षा बाहेर फेकलेले बरे, असे चालक म्हणत. इंधनाच्या टाक्या अंगाला लागून असल्यामुळे ती भीती खरीच होती. पण माणूस सीटवर टिकणारच नसेल, तर हूप वाचवणार कोणाला? १९७० मध्ये मोंझाला चालक योखेन रिंटने मांड्यांमधला पट्टा लावला नव्हता. धडकेत तो खाली घसरला आणि पट्ट्यानेच त्याच्या गळ्याला प्राणघातक जखम झाली. सहा जागी बांधणारे पट्टे १९७२ मध्ये सक्तीचे झाले.

पुढे हूपची भारचाचणी आली, आणि २०१८ मध्ये टायटॅनियमचा हॅलो, म्हणजे चालकाच्या डोक्याभोवतीची संरक्षक चौकट. हॅलो दिसायला वाईट म्हणून खूप ओरड झाली होती. ३ जुलै २०२२ रोजी सिल्व्हरस्टोनला झोउ ग्वान्यूची अल्फा रोमिओ सुरुवातीलाच उलटली, डांबरावरून घसरत खडीत गेली आणि टायरच्या भिंतीवरून उडून जाळीला धडकली. चाचणी पास झालेला रोल हूप तुटून गेला होता. चालक वाचला तो हॅलोमुळे. नुसती ताकद मोजून भागत नाही, घसरताना हूप जमिनीत रुतता कामा नये, हे तेव्हा ठळक झाले. २०२३ पासून हूपचा माथा गोलाकार ठेवणे बंधनकारक आहे आणि त्याच्या चाचण्याही कडक झाल्या आहेत.