मशीन चालू आहे, मग विंडोज ११ का बसत नाही? : एका प्रश्नाची पार्श्वभूमी

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चे नियमित अपडेट थांबले. तेव्हापासून रामबागेतल्या करसल्लागाराच्या ऑफिसपासून लोकमान्य नगरातल्या संस्थेच्या कार्यालयापर्यंत इंदूरच्या मराठी मंडळींना एकच गोष्ट खटकते आहे. आय-फाइव्हचं मशीन, ८ जीबी रॅम, एसएसडी घातलेली, टॅली पळतंय. तरी विंडोज ११ नाही म्हणतं. जेल रोडवर किंवा आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये विचारायला जाण्याआधी हा नकार कुठून आला ते समजून घ्यावं. खर्च किती करायचा, ते त्यावरच ठरतं.

मूळ १९८१मध्ये आहे. आयबीएमने ऑगस्टमध्ये पीसी आणला. त्याचे बहुतेक सुटे भाग बाजारात मिळणारे होते, स्वतःची अशी चीज म्हणजे बायोस, मशीन चालू होताच सगळ्यात आधी चालणारा बोर्डावरचा प्रोग्राम. १९८२मध्ये कॉम्पॅकने आणि १९८४मध्ये फिनिक्सने त्याला पर्यायी बायोस कायदेशीर मार्गाने तयार केला. फिनिक्सचा बायोस कुणालाही विकत मिळू लागला. बोर्ड एकाचा, डिस्क दुसऱ्याची, कॅबिनेट तिसऱ्याचं असं असेंबल्ड मशीन त्यातूनच शक्य झालं.

डिस्कची जुनी मांडणी, म्हणजे एमबीआर, १९८३च्या डॉस २.० बरोबर आली. डिस्कचा पहिला ५१२ बाइटचा सेक्टर: त्यात ४४६ बाइट सुरुवातीच्या कोडला, ६४ बाइट पार्टिशनच्या (डिस्कच्या सी, डी अशा भागांच्या) तक्त्याला, उरलेले २ खुणेला. तक्त्यात १६ बाइटच्या चारच नोंदी मावतात, म्हणून प्रायमरी पार्टिशन चारच. सेक्टरचा आकडा ३२ बिटांचा, म्हणून मर्यादा साधारण २.२ टेराबाइट. एमबीआर ठेवून ४ टेराबाइटची डिस्क लावली की अर्धीच वापरता येते ती यामुळे. डिस्क खराब नसते.

इंटेलने इटेनियम सर्व्हरसाठी बायोसला पर्याय म्हणून ईएफआय काढलं, २००५मध्ये ते यूईएफआय फोरमकडे गेलं. सोबत जीपीटी ही डिस्कची नवी मांडणी. पण बाजार इतक्या लवकर वळत नाही. २०१२मध्ये विंडोज ८ बरोबर सिक्युअर बूट, म्हणजे सही तपासूनच सिस्टम सुरू करण्याची सोय, आलं, तरी बोर्डांवर सीएसएम नावाची जुन्या पद्धतीची खिडकी उघडीच राहिली. असेंबल करणारे तिचा सर्रास वापर करत, कारण त्यांच्याकडच्या विंडोज ७च्या डीव्हीडी आणि पेनड्राइव्ह त्याच पद्धतीने चालायच्या. म्हणून २०१४-१६च्या कितीतरी मशीनांचा बोर्ड यूईएफआयचा, पण विंडोज मात्र लेगसी, म्हणजे जुन्या बायोस पद्धतीने बसवलेलं.

विंडोज ११ला यूईएफआय, टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि पुरेसा नवा प्रोसेसर लागतो. पहिल्या दोन गोष्टींची तपासणी दोन मिनिटांची. विंडोज आणि आर ही बटणं दाबून 'एमएसइन्फो३२' (msinfo32) टाइप करा. 'बायोस मोड' पुढे लेगसी की यूईएफआय ते दिसतं. मग तसंच 'टीपीएम.एमएससी' (tpm.msc), स्पेसिफिकेशन व्हर्जन २.० हवं. काहीच दिसत नसेल तर चिप नाही असं लगेच मानू नका. इंटेलमध्ये ते पीटीटी आणि एएमडीमध्ये एफटीपीएम या नावाने बायोसमध्ये असतं, आणि असेंबल्ड बोर्डांवर बहुधा बंद असतं. मायक्रोसॉफ्टने जुलै २०१६पासून विंडोजसह विकल्या जाणाऱ्या नव्या मशीनांना टीपीएम २.० सक्तीचं केलं. सुट्या बोर्डांना ते बंधन नव्हतं.

लेगसी निघालं तर फॉरमॅट मारायची गरज नाही. विंडोज १०मध्येच एमबीआरची जीपीटी करणारं एमबीआर२जीपीटी (mbr2gpt) हे साधन आहे. आधी बॅकअप. मग अ‍ॅडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून ते आधी 'व्हॅलिडेट' (/validate), मग 'कन्व्हर्ट' (/convert) या पर्यायाने चालवा. दोन्ही वेळा 'अलाउफुलओएस' (/allowFullOS) जोडा. आपल्याकडे ते हमखास अडतं पहिल्याच पायरीला. त्याला प्रायमरी पार्टिशन तीनपर्यंतच चालतात आणि लॉजिकल (एक्स्टेंडेड पार्टिशनच्या आतलं) एकही चालत नाही. विंडोज ७च्या काळात सिस्टम रिझर्व्हड, सी आणि डी यांनी तीन जागा घेतल्या की डिस्क मॅनेजमेंट चौथं, म्हणजे ई, आपसूक लॉजिकल करायचं. ईमधला डेटा बाहेरच्या डिस्कवर काढा, ई आणि त्याभोवतीचं एक्स्टेंडेड पार्टिशन दोन्ही पुसा, पुन्हा चालवा. कन्व्हर्ट झाल्यावरच बायोसमध्ये सीएसएम बंद करायचं. उलट क्रमाने केलं तर मशीन बूट होत नाही; घाबरू नका, सीएसएम परत चालू केलं की विंडोज जागेवर येतं. जुनं ग्राफिक्स कार्ड असेल तर सीएसएम बंद होताच डिस्प्लेच जातो, कारण त्या कार्डात यूईएफआयला समजणारा कोड नसतो. मग प्लग काढून सीमॉस क्लिअर करावं, म्हणजे बायोसची सेटिंग पुसावी लागतात.

इथेच बोर्डावरचा सीआर२०३२ सेलही बदलून टाका. तो संपला की तारीख मागे जाते आणि सेटिंग मूळ पदावर येतात. सीएसएम, पीटीटी सगळं उलटतं. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाते, म्हणून बायोसला हात लावण्यापूर्वी ती कागदावर उतरवून ठेवावी.

एवढं करूनही प्रोसेसरची अट उरते, आणि आमच्या मते सगळ्यात कठोर तीच आहे. इंटेलची आठवी पिढी, म्हणजे २०१७नंतरची, किंवा एएमडीची रायझन २०००. बाजारात रिफर्बिश्ड म्हणून मिळणारी चौथ्या आणि सहाव्या पिढीची मशीनं अधिकृतपणे बाद. अट चुकवून विंडोज ११ बसवून देणारे आहेत. पण अशा मशीनला अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि मोठं वार्षिक अपडेट बहुधा हातानेच घालावं लागतं. विंडोज ११च्या २४एच२ या आवृत्तीपासून पॉपसीएनटी ही सूचना नसलेल्या प्रोसेसरवर विंडोज बूटच होत नाही, त्यामुळे कोअर टू ड्युओचा विषय संपला. पैशांचा हिशेब ठेवायच्या मशीनवर ही पळवाट आम्ही सुचवणार नाही.

घरच्या मशीनला १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत सुरक्षा अपडेटची मुदतवाढ आहे: मायक्रोसॉफ्ट खात्याने सेटिंगचा बॅकअप चालू केला तर फुकट, नाहीतर ३० डॉलर. डोमेनला (ऑफिसच्या मध्यवर्ती सर्व्हरच्या ताब्यातल्या नेटवर्कला) जोडलेल्या ऑफिसच्या मशीनला ही सवलत नाही. तिथे दर मशीनला पहिल्या वर्षी ६१ डॉलर आणि पुढे दरवर्षी दुप्पट, फार तर तीन वर्षं. चार मशीनांच्या ऑफिसने हे गणित मांडलं तर जुन्यातलं एक लिनक्सवर नेऊन फाइल सर्व्हर करणं परवडतं. ३२-बिटच मशीन असेल तर लिनक्सचा डेबियन १३ हा प्रकार त्यावर बसवता येत नाही. १२ ही त्या प्रोसेसरसाठी शेवटची आवृत्ती.

सर्व्हर आला की शेअरिंगची गाठ येते. तिच्यामागे मे २०१७चा वॉनाक्राय, म्हणजे फाइल कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस, आहे. एसएमबी१ या फाइल शेअरिंगच्या जुन्या प्रोटोकॉलच्या अंमलबजावणीतल्या छिद्रातून तो पसरला; पॅच मार्चमध्येच आला होता, लावला नव्हता. त्याच वर्षीच्या विंडोज १०च्या आवृत्तीपासून एसएमबी१ आपोआप बसवणं बंद झालं, २०१९मध्ये लिनक्सवर शेअरिंग सांभाळणाऱ्या साम्बानेही किमान एसएमबी२ ठरवलं. म्हणून एक्सपीवरचं शेअर नव्या मशीनला दिसत नाही. विंडोज ११ प्रोच्या २४एच२ने पासवर्डाशिवायचं गेस्ट शेअरही नाकारलं, त्यात झेरॉक्सवाल्या स्कॅनरचं फोल्डरही अडकतं. उपाय एसएमबी१ परत चालू करण्याचा नाही. सर्व्हरवर स्कॅनरसाठी वेगळा युजर आणि पासवर्ड करा, त्याला त्या एकाच फोल्डरचा अधिकार द्या, स्कॅनरच्या सेटिंगमध्ये एसएमबी२ किंवा ३ निवडा.

एक्सपीवर अडकलेलं काही असेल, उदाहरणार्थ एलपीटी या प्रिंटरच्या जुन्या पोर्टला लावायच्या डोंगलवर (परवान्याच्या किल्लीवर) चालणारं जुनं मराठी छपाईचं सॉफ्टवेअर, तर ते मशीन लॅनमधून काढून ठेवा. १६-बिट प्रोग्राम ६४-बिट विंडोजवर चालत नाहीत आणि विंडोज ११ला ३२-बिट आवृत्तीच नाही. त्या मशीनची डिस्क आजच क्लोन करून घ्या. आयडीई, म्हणजे जुन्या जोडणीची डिस्क गेली तर नवी मिळणं कठीण, आणि डोंगल असूनही इन्स्टॉल करायची सीडी बहुतेकांकडे उरलेली नाही.