संध्याकाळचे तीन तास आणि 'हाई काय शे?'

दिवाळीनंतरच्या एका रविवारी धुळ्याहून अमळनेरला परत येताना आम्ही वाटेत जेवायला थांबलो. शेवभाजी, कळण्याची भाकरी, कांदा. समोरच्या भिंतीवर टीव्ही, आवाज पूर्ण बंद. मी लेकीला तिच्या सहामाहीच्या पेपरबद्दल काहीतरी विचारत होते आणि वाक्य अर्ध्यात असतानाच माझी नजर भिंतीकडे गेली. एका साबणाची जाहिरात होती. मला त्या साबणाशी काही देणंघेणं नव्हतं. नजर परत आणली, वाक्य पुरं केलं, तर आता तिची नजर तिकडे. पलीकडच्या टेबलावर चार ट्रकचालक बसले होते. त्यातल्या एकाच्या हातातला भाकरीचा तुकडा रश्श्यात बुडून तसाच थांबला होता, बोटांपर्यंत तर्री आली तरी त्याला पत्ता नव्हता. मी पुढची जाहिरात मुद्दाम मोजत पाहिली. साधारण अर्ध्या मिनिटात वीसपेक्षा जास्त वेळा चित्र बदललं.

शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे हा प्रकार डोक्यातून जाईना. आवाज नाही, गोष्ट नाही, आवड नाही, तरी मान का वळते?

याचं उत्तर रशियन शास्त्रज्ञ इव्हान पावलॉव्ह यांच्याकडे सापडतं. कुत्रा, घंटा आणि लाळ यांचा प्रयोग सगळ्यांना पाठ असतो. पण त्यांनी आणखी एक गोष्ट टिपली होती. प्रयोग सुरू असताना खोलीत कुणी नवखं आलं, काही हललं, वेगळा आवाज झाला की कुत्रा सगळं सोडून तिकडे वळायचा. या वळण्याला त्यांनी नाव दिलं, 'हे काय आहे?' प्रतिक्षेप. प्रतिक्षेप म्हणजे विचार करायच्या आधीच शरीर आपोआप करतं ती हालचाल. आमच्या अहिराणीत सांगायचं तर 'हाई काय शे?'

शेतात जाणाऱ्याला हा प्रतिक्षेप वेगळा समजावून सांगावा लागत नाही. कपाशीच्या ओळीतून चालताना बाजूला सळसळ झाली की पाऊल जागीच थांबतं. मान वळते, श्वास अडतो, हृदयाचे ठोके काही क्षण मंदावतात, अंग स्तब्ध होतं आणि सगळं लक्ष डोळ्यांत आणि कानांत गोळा होतं. साप आहे की सरडा, हे ठरायच्या आधीच शरीराने हे सगळं उरकलेलं असतं. ज्यांचं शरीर असं थांबलं, ते वाचले. आपण त्यांचे वंशज.

आता टीव्हीकडे पाहा. एक दृश्य तुटून दुसरं येतं, चेहरा एकदम जवळ येतो, ढोल वाजतो, दार आपटतं. संवादमाध्यमांचा अभ्यास करणाऱ्या बायरन रीव्ह्ज, अ‍ॅनी लँग अशा संशोधकांनी लोकांना पडद्यासमोर बसवून मेंदूतल्या लहरी आणि हृदयाचे ठोके मोजले. दृश्य असं बदललं की तोच प्रतिक्षेप जागा होतो, ठोके चार ते सहा सेकंद मंदावतात आणि मग पूर्ववत होतात. जाहिरातीत ते पूर्ववत व्हायच्या आतच पुढचं दृश्य येऊन धडकतं. म्हणजे कपाशीतली सळसळ तासन् तास चालू राहते आणि साप कधीच निघत नाही. घरात कुणाला 'तुझा मनावर ताबाच नाही' असं म्हणण्याआधी हे लक्षात घ्यायला हवं. मान वळण्यात मनाच्या कमकुवतपणाचा काही संबंध नाही.

मान का वळते ते कळलं. पण माणूस तिथे तीन-तीन तास बसून का राहतो?

अमेरिकेत मिहाय चिक्सेंटमिहाय आणि रॉबर्ट क्युबी यांनी यासाठी एक साधी युक्ती वापरली. त्यांनी लोकांच्या खिशात पेजर दिले. दिवसातून सहा-आठ वेळा, कधीही, पेजर वाजायचा. तो वाजला की आत्ता काय करतोय आणि आत्ता कसं वाटतंय, एवढंच कागदावर लिहायचं. टीव्ही पाहताना पेजर वाजला तर लोक लिहीत, निवांत वाटतंय, सुस्त वाटतंय. यात नवल नाही. महत्त्वाचं निघालं ते टीव्ही बंद केल्यानंतरचं. निवांतपणा बंद बटणासोबतच जायचा, पण सुस्ती आणि मंदपणा मात्र मागे राहायचा. आपल्यातला जीव कुणीतरी शोषून घेतल्यासारखं वाटतं, असं पाहणारे सांगत. वाचन झाल्यावर किंवा खेळून, छंदाचं काही करून उठल्यावर अशी तक्रार क्वचितच होती. खेळ आणि छंदानंतर तर मन आधीपेक्षा प्रसन्न असायचं.

बसून राहण्याचं कारण यातच आहे. बटण दाबताच सुटकेची भावना येते, बंद करताच ती जाते. इतका झटपट हिशेब मेंदू फार लवकर शिकतो. आत्ता उठलो तर बरं वाटणार नाही, एवढं त्याला पक्कं कळतं. उठून अर्ध्या तासाने ओट्यावर गप्पा मारताना कसं वाटेल, हे त्याच्या हिशेबात येत नाही. दिवसाला चार तासांहून जास्त पाहणारे लोक दोन तासांहून कमी पाहणाऱ्यांपेक्षा टीव्हीचा आनंद कमी घेतात, असंही या दोघांच्या अभ्यासात दिसलं.

हे वाचून मी घरात एक वही टांगली. टीव्हीशेजारच्या खिळ्याला सुतळीने वही, वहीला पेन. लावण्याआधी एक शब्द, बंद केल्यावर एक शब्द. सासूबाईंना लिहिता येतं, पण चष्मा शोधायचा कंटाळा. म्हणून त्यांचा शब्द लेक लिहायची, त्यांच्याच बोलीत. संध्याकाळी सातला 'कटाया', म्हणजे कंटाळा. साडेनऊला 'आंग जड'. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. लेकीच्या रकान्यात 'ठीक' आणि 'झोप येतेय पण झोपायचं नाही'. माझ्या रकान्यातही काही अभिमानाने दाखवावं असं नव्हतं, मीही वह्या तपासता तपासता बातम्यांवर जी भांडणं चालतात ती ऐकत बसते.

आठवडाभराने एक वेगळा शब्द आला. त्या दिवशी शेतातून वांगी आली होती, हिरवी, लांबोडकी, भरताची. मागच्या अंगणात वाळलेल्या कपाशीच्या काड्या पेटवल्या, वांगी त्यावर काळी होईपर्यंत भाजली. शेजारच्या दोघी आल्या. साल काढायला एक, मिरच्या भाजायला एक, आणि लाकडी भांड्यात ठेचायला सासूबाई, कारण भरीत किती ठेचायचं हे त्यांनाच कळतं असं त्यांचं म्हणणं आहे आणि ते खरं आहे. कांद्याची पात, शेंगदाणे, वरून तेलाची फोडणी. जेवणं अंगणातच झाली. नऊ वाजून गेले तेव्हा लेकीने आपण होऊन वही आणली आणि विचारलं. त्या म्हणाल्या, 'जीवले बरं वाटस.' दमल्या होत्या, खांदा दुखत होता, तरी.

एका घरातली एक वही म्हणजे प्रयोग नव्हे, हे मी वर्गातही सांगते. पण पेजरवाल्या हजारो नोंदींमधून जे दिसलं, ते माझ्या अंगणात, सासूबाईंच्या हातातल्या मुसळीसोबत दिसलं, म्हणून इथे लिहिलं.

मालिकांचं गणित थोडं निराळं आहे. तिथे मान वळवणाऱ्या प्रतिक्षेपाला गोष्टीची जोड मिळते, आणि गोष्ट नेमकी अर्ध्यात तुटते. दार उघडतं, सून मागे वळते, चेहऱ्यावर तीनदा कॅमेरा, संपलं. रात्रभर घरात एकच प्रश्न, 'आते काय व्हई?' १९२० च्या दशकात बर्लिनमध्ये ब्लूमा झायगार्निक या संशोधिकेने लोकांना छोटी छोटी कामं देऊन काही अर्ध्यात थांबवली. अर्धवट कामं लोकांना जास्त आठवतात, असं तिला दिसलं. पुढच्या प्रयोगांत आठवणीचा हा भाग तितका पक्का ठरला नाही. पण तिचीच सहकारी मारिया ओव्हसियांकिना हिने दाखवलेली गोष्ट मात्र पुन्हा पुन्हा दिसत आली आहे: अर्ध्यात तुटलेलं काम संधी मिळताच माणूस कुणी न सांगता पुन्हा हाती घेतो. मालिका लिहिणाऱ्यांना हे शास्त्र माहीत असो वा नसो, धंदा याच ओढीवर चालतो. यावरून माझ्या मुलीने एक उपाय काढला. भाग संपायच्या पाच मिनिटं आधी बंद करायचा, कारण मधल्या साध्या प्रसंगात बंद केलं तर ओढ कमी राहते. तिच्यापुरता तो चालतो.

टीव्हीने आपल्याला काही दिलंच नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर या अर्थशास्त्रज्ञांनी २००१ ते २००३ या काळात भारतातल्या पाच राज्यांतली गावं अभ्यासली. जिथे केबल आली तिथे बायकांना मारहाण चालते असं मानण्याचं प्रमाण घटलं, मुलगाच हवा हा हट्ट सैल झाला, घरातल्या निर्णयांत बायकांचा शब्द वाढला. खान्देशातल्या बायका हे वाचून मान डोलावतील. पडद्यावर नोकरीला जाणारी सून दिसली, त्याने कुठेतरी फरक पडलाच.

पण टीव्ही आला की काय जातं, याचाही एक अभ्यास आहे, आणि तो मला जास्त जवळचा वाटतो. कॅनडात डोंगरांच्या कुशीतल्या एका गावात १९७३ पर्यंत टीव्हीचं प्रक्षेपण पोहोचतच नव्हतं. टॅनिस मॅकबेथ विल्यम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टीव्ही येण्याआधी आणि दोन वर्षांनी अशा दोन्ही वेळी गावाची पाहणी केली, टीव्ही असलेल्या दोन गावांशी तुलना करून. आधी त्या गावातली मुलं 'या वस्तूचे किती उपयोग सुचतात?' अशा चाचणीत इतरांच्या पुढे होती. दोन वर्षांत ती इतरांच्या बरोबरीला आली. गावातल्या सामुदायिक कार्यक्रमांतला सहभागही घटला. कुणी बंदी घातली नव्हती, कुणाचं भांडण झालं नव्हतं. लोक नुसते घरात बसले.

मे महिन्यात भुसावळकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा संध्याकाळी भिंतीसुद्धा ऊन ओकत असतात. त्या वेळी खाटा अंगणात किंवा गच्चीवर टाकून गप्पा व्हायच्या. माझ्या लहानपणीची ती सवय संपली त्याला कूलर जबाबदार, मोबाईल जबाबदार, आणि टीव्हीही.

आरोग्याचं थोडक्यात सांगते. १९५३ साली जेरी मॉरिस यांनी लंडनच्या बसगाड्यांतले बसून असणारे चालक आणि दिवसभर जिने चढणारे कंडक्टर यांची तुलना केली. हृदयविकार चालकांत जास्त निघाला. ऑस्ट्रेलियात सुमारे ८,८०० प्रौढांच्या पाहणीत, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या, रोजच्या टीव्हीच्या प्रत्येक वाढीव तासामागे मृत्यूचा धोका सुमारे ११ टक्क्यांनी जास्त दिसला. ही पाहणी आहे, आधीच आजारी माणूस जास्त टीव्ही पाहतो असंही थोडंफार असू शकतं. पण तास कमी केले तर काय होतं, हेही करून पाहिलंय. अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये ३६ प्रौढांपैकी २० जणांच्या टीव्हीला कुलूपयंत्र लावून वेळ अर्ध्यावर आणला. व्यायाम करा असं कुणीही सांगितलं नव्हतं, तरी ते दिवसाला सरासरी ११९ कॅलरी जास्त खर्च करू लागले. रिकामे हात गप्प बसत नाहीत.

मग करायचं काय? मला सगळ्यात उपयोगी वाटलेला प्रयोग पॉपकॉर्नचा आहे. डेव्हिड नील आणि वेंडी वूड यांनी चित्रपटगृहात काहींना ताजे, काहींना आठवडाभर जुने पॉपकॉर्न दिले. थिएटरात पॉपकॉर्न खायची पक्की सवय असलेल्यांनी शिळेही ताज्याइतकेच संपवले. तेच शिळे पॉपकॉर्न सभेच्या खोलीत दिले, तर त्यांनीही बाजूला सारले. थिएटरातच, पण नेहमीचा हात सोडून दुसऱ्या हाताने खायला लावले, तरी कमी खाल्ले गेले. सवय आवडीला चिकटलेली नसते. ती जागेला, खुर्चीला, हाताला चिकटलेली असते.

म्हणून आम्ही शपथा घेतल्या नाहीत, सामान हलवलं. टीव्ही पुढच्या खोलीतून मागच्या खोलीत गेला, जिथे बसायला फक्त एक स्टूल आहे. रिमोट स्वयंपाकघरात, डाळीच्या डब्यांच्या वरच्या फळीवर. सासूबाईंची खाट दाराकडे तोंड करून ठेवली, तिथून गल्ली दिसते. जेवताना टीव्ही नाही, हा एकच नियम केला, कारण पडद्यासमोर खाल्लेलं नीट आठवत नाही आणि मग पुढच्या वेळी माणूस जास्त खातो, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव इथे २०२२ साली रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास गावातले टीव्ही, मोबाईल बंद ठेवायला सुरुवात झाली. अख्खं गाव एकत्र आलं तर सगळंच सोपं. एका घराला ते जड जातं.

खरी अडचण सासूबाईंची होती. दुपारभर घरात एकटं असलेल्या माणसाला 'बंद करा' म्हणायचं आणि त्या जागी काहीच द्यायचं नाही, हा मला सरळसरळ अन्याय वाटतो. त्यांच्यासाठी टीव्ही म्हणजे घरातला आवाज. मी शाळेतून आल्यावरची वीस मिनिटं त्यांच्यासोबत भाजी निवडायला ठेवली. लेकीला त्यांनी आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, गाणी शिकवायला घेतली. काही दिवस जमलं, काही दिवस रिमोट फळीवरून खाली आला. लंडनमध्ये ९६ जणांवर झालेल्या एका अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले, कुणाला १८, कुणाला त्याहून कितीतरी जास्त. अधूनमधून एखादा दिवस चुकल्याने विशेष बिघडलं नाही, असंही त्यात आढळलं. तेवढ्यावर मी धीर धरला.

आखाजीला समोरच्या निंबाला झोका बांधला. दोन-तीन दिवस संध्याकाळी गल्लीतल्या पोरी, लेकी-सुना तिथेच. सासूबाई खाटेवरून उठून ओट्यावर जाऊन बसल्या, गाण्याचा शब्द चुकला की तिथूनच ओरडून सांगायच्या. मालिकेचे तीन भाग बुडाले. चौथ्या दिवशी पहाटे नळाला पाणी आलं तेव्हा त्यांनी शेजारणीला विचारलं, 'काल काय व्हयनं?' तिची बादली भरेपर्यंत तिन्ही भागांची गोष्ट सांगून झाली होती. पाणी अजून अर्धा तास राहणार होतं, मग दोघी तिच्या नातीच्या लग्नाचं बोलत बसल्या.