“दोनच टाके आहेत”: जखम शिवण्यामागचा इतिहास

उत्तरायण, म्हणजे पतंगांची संक्रांत, जवळ आलं की बडोद्यात रस्त्याच्या कडेला बांबू रोवले जातात, त्यांच्यामध्ये पांढरी दोरी ताणली जाते आणि कारागीर गुलाबी लुगदीचा गोळा मुठीत घेऊन तिच्यावरून येरझारा घालू लागतात. लुगदीत भाताची खळ, रंग आणि कुटलेली काच असते. कारागिराच्या बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या असतात. पोरंही अंगठ्याशेजारच्या बोटाला चिकटपट्टी लावूनच गच्चीवर चढतात, पण दुपारपर्यंत ती पट्टी घामाने सुटते. पन्नाशीच्या बडोदेकराला टाक्यांबद्दल विचारा, आठवण बहुधा १४ जानेवारीचीच निघेल. नाहीतर वासी उत्तरायणाची, म्हणजे १५ची. काही आठवणी मांजाने चिरलेल्या बोटाच्या असतात, काही वर बघत मागे सरकताना कठड्यावर आपटलेल्या डोक्याच्या.

या आठवणींचा क्रमही जवळपास ठरलेला असतो. आधी नळाखाली हात, मग स्वयंपाकघरातली मूठभर हळद, तिथे रक्त थांबलं नाही तर कोपऱ्यावरचा दवाखाना. तिथे उकळत्या पाण्याच्या ट्रेमध्ये काचेची सिरिंज, स्पिरिटचा वास, चिमट्यात धरलेली वाकडी सुई आणि काळा रेशमी दोरा. कंपाउंडरकाका हात घट्ट धरणार आणि म्हणणार, “तिकडे बघू नकोस, कॅलेंडर बघ. दोनच टाके आहेत.” दोनच टाके, म्हणून भुलीचं इंजेक्शन नाही. भूल द्यायलाही दोनदा टोचावंच लागेल, मग सरळ टाकेच घातलेले काय वाईट, असा तो हिशोब. आईलाही तो पटायचा. विचारायचं राहायचं ते फक्त ज्याचं बोट होतं त्याला.

या ठरलेल्या क्रमातली एकेक गोष्ट वेगवेगळ्या काळातून आलेली आहे, आणि सगळ्यात जुनी आहे ती सुई-दोरा.

सुश्रुतसंहितेत शस्त्रकर्माचे आठ प्रकार सांगितले आहेत, त्यातला एक ‘सीव्य’, म्हणजे शिवणं. सूत्रस्थानाच्या २५व्या अध्यायात धाग्यांची यादीच आहे: बारीक सूत, ताग, जवसाचा धागा, स्नायू, केस, मोरवेल, गुळवेल आणि अश्मंतकाच्या सालीचे तंतू. अश्मंतक म्हणजे दसऱ्याला आपण ज्याची पानं सोनं म्हणून वाटतो तो आपटा. जिथे मांस कमी तिथे आणि सांध्यावर दोन अंगुळं लांबीची गोल सुई, मांसल जागी तीन अंगुळांची तिधारी, पोटासारख्या नाजूक जागी धनुष्यासारखी वाकडी. सुई कडेपासून फार लांब टोचली तर दुखतं, फार जवळ टोचली तर कड फाटते, हेही तिथे लिहिलं आहे. आजच्या इंटर्नला पहिल्या दिवशी हेच शिकवतात. सर्वांत मोलाचा भाग मात्र मला दुसराच वाटतो. धूळ, केस, नखं, हाडाचा सुटा तुकडा आधी काढा, नाहीतर जखम पिकेल, असं तिथे बजावलेलं आहे. जंतू कोणी पाहिले नव्हते, पण आत घाण ठेवून दार लावायचं नाही हे ठाऊक होतं.

त्याच संहितेतली डोंगळ्यांची गोष्ट पुष्कळांना माहीत असते, पण ती अर्धवट सांगितली जाते. जखमेच्या कडा जुळवायच्या, त्यांना काळे डोंगळे चावू द्यायचे आणि मग धड तोडून डोकी तशीच ठेवायची, हे खरं. पण सुश्रुताने हे हातापायाच्या जखमेसाठी सांगितलेलं नाही, छेद गेलेल्या आतड्यासाठी सांगितलं आहे. डोकी आत राहायची आणि पोट वरून दोऱ्याने शिवायचं. आजच्या शस्त्रक्रियेत आतड्याला स्टेपलर लावतात, त्याच्याशी ही कल्पना जुळते. पहिला स्टेपलर १९०८ साली हंगेरीत वापरला गेला. तो अवजड होता आणि जुळवायलाच फार वेळ लागायचा.

धागा झाला, डोंगळ्यांचे चिमटे झाले. राहिला गोंद. त्याची गोष्ट तर पुण्याजवळची आहे. कावसजी नावाचा बैलगाडीवान इंग्रजांच्या फौजेत होता. १७९२च्या लढाईत तो टिपूच्या हाती लागला आणि त्याचं नाक व एक हात कापला गेला. पुढे पुण्याजवळ वीटकाम करणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला कपाळाच्या कातडीचं नवं नाक बसवून दिलं. ऑक्टोबर १७९४मध्ये लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’ मासिकात ही हकिकत छापून आली. नाकाच्या बैठकीवर मेणाचा पातळ पत्रा बसवून माप घ्यायचं, तो सपाट करून कपाळावर ठेवायचा, तेवढी कातडी सोडवायची आणि पिळून खाली आणायची. नंतरचा भाग आपल्या विषयाचा आहे. ही कातडी शिवलेली नव्हती. काथ पाण्यात कालवून कापडाच्या पट्ट्यांना लावला आणि अशा पाच-सहा पट्ट्या एकावर एक सांध्यावर बसवल्या. चार दिवस दुसरं काही नाही, मग तुपात भिजवलेलं कापड. पानाला लावतो तोच हा काथ, खैराच्या लाकडाचा. ही हकिकत वाचून लंडनमध्ये जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ साली तशी शस्त्रक्रिया केली.

म्हणजे दोरा, चिमटा आणि चिकटपट्टी हे तिन्ही प्रकार एकोणिसावं शतक उजाडायच्या आधीच माणसाच्या हाती होते. तरीही शिवलेली माणसं मरायची, कारण जखम आतून सडायची. ते बदललं ग्लासगोत. ऑगस्ट १८६५मध्ये तिथले शल्यविशारद जोसेफ लिस्टर यांच्याकडे एक ११ वर्षांचा मुलगा आला. गाडीचं चाक पायावरून जाऊन हाड मोडलं होतं आणि वर जखम उघडी होती. अशा पायाचा शेवट तेव्हा बहुधा कापण्यात व्हायचा. लिस्टरनी जखमेवर जंतू मारणाऱ्या कार्बोलिक आम्लात भिजवलेलं कापड बांधलं. जखम पिकली नाही आणि साधारण सहा आठवड्यांत पोरगं बरं झालं. १८६७ साली त्यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली आणि पुढे मेंढीच्या आतड्याचा दोरा, म्हणजे कॅटगट, कार्बोलिकमध्ये मुरवून वापरला. हा दोरा अंगात विरघळायचा.

आपल्या दवाखान्यात जखमेवर लावायचं ते झोंबणारं टिंक्चरही याच कामाचं, आणि त्याचं बडोद्याशी नातं आहे. सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था काढली, तिचे प्राचार्य त्रिभुवनदास गज्जर. गज्जर, कोटिभास्कर आणि अमीन यांच्या खटपटीतून १९०७ साली इथे अलेम्बिक ही औषधांची कंपनी उभी राहिली. सुरुवातीचा माल काय, तर अल्कोहोल आणि टिंक्चर्स. तोपर्यंत अशी औषधं बहुतेक विलायतेहूनच यायची.

शहरातली वाटणीही मजेशीर होती. रक्त आलं तर दवाखाना, मोठं असलं तर सयाजी हॉस्पिटल. पाय मुरगळला, हाड सरकलं तर मात्र माणिकरावांच्या आखाड्याचा रस्ता. प्रा. माणिकराव कुस्ती आणि व्यायामासाठी जितके नावाजलेले, तितकेच हाडं बसवण्यासाठीही. त्यामुळे गच्चीवरून पडलेल्या पोराला आधी कुठे न्यायचं यावर आजोबा आणि बाबा यांच्यात जिन्यातच वाद व्हायचा.

घरच्या हळदीची थोरवी तर अमेरिकेच्या पेटंट कचेरीपर्यंत पोचली. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट १९९५ साली मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळालं. सीएसआयआर या भारतातल्या सरकारी विज्ञान-संशोधन परिषदेने जुने दाखले पुढे करून हरकत घेतली आणि १९९७ साली ते रद्द झालं. हळद जुनी हे खरं, म्हणून खोल जखमेत तिचा गोळा दाबावा असं नाही. मागाहून तो उकरून काढणाऱ्या डॉक्टरला विचारा. दगडी पाल्याचं तर उलटंच आहे. मैदानावर खरचटलं की पोरं तो चुरगळून रस पिळायची आणि हे आजीच्या आजीपासूनचं औषध असं मानायची. ती वनस्पती मूळची मध्य आणि दक्षिण अमेरिकेतली. सुश्रुताला ती ठाऊक असणं शक्यच नाही.

आता तो कॅलेंडर बघण्याचा प्रसंग. जागा बधिर करणारं लिडोकेन १९४३ साली स्वीडनमध्ये निल्स लॉफग्रेन यांनी तयार केलं आणि १९४८ साली ते बाजारात आलं. त्याआधी नोव्होकेन होतंच. म्हणजे सत्तर-ऐंशीच्या दशकात ज्यांना कोरडे टाके पडले, त्यांच्यासाठी औषध नव्हतं असं नाही. मुलाचं दुखणं मोजायची सवय नव्हती. धनुर्वाताचं इंजेक्शन मात्र कोणी चुकवायचं नाही, आणि ते बरोबरच होतं. “लोखंड लागलंय का?” हा प्रश्न तेवढा फसवा. धनुर्वाताचे जंतू माती आणि शेणात असतात, गंजाशी त्यांचं खास नातं नाही. लाकडाचं कुसळही तेवढंच धोक्याचं.

पुढचे बदल पटापट झाले. रेशमाच्या जागी नायलॉन आलं आणि सत्तरच्या दशकात विरघळणारे कृत्रिम धागे आले, त्यामुळे बऱ्याच जखमांत आठवड्याने टाके काढायला जाण्याची धास्ती गेली. नायलॉन तिकडे पतंगातही शिरलं. त्याचा मांजा तुटता तुटेना, पक्ष्यांचे पंख आणि स्कूटरवाल्यांचे गळे कापू लागला, म्हणून राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली त्यावर बंदी घातली. तरी तो मिळतो. त्यामुळे १४ जानेवारीला नायलॉनने चिरलेला गळा नायलॉननेच शिवण्याची वेळ डॉक्टरांवर येते.

कावसजीच्या काथाची जागा आता सायनोॲक्रिलेट नावाच्या गोंदाने घेतली आहे. १९४२ साली अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ हॅरी कूव्हर बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत असताना ते हाती आलं, पण दिसेल त्याला चिकटतं म्हणून बाजूला टाकलं गेलं. व्हिएतनाम युद्धात रक्त थांबवायला त्याचा फवारा मारला गेला, आणि त्वचेसाठी बनवलेल्या प्रकाराला अमेरिकेत १९९८ साली मान्यता मिळाली. दुकानातली झटपट चिकटवणारी ट्यूब वेगळी, ती जखमेला लावायची नाही. कपाळावरच्या छोट्या, सरळ चिरेला हा गोंद उत्तम, ना सुई ना दोरा. जी जागा सतत वाकते तिथे तो टिकत नाही. त्यामुळे गुडघा फोडून घेतलेल्या पोराला आजही टाकेच पडतात, फक्त आता आधी भूल देतात.