एक सभागृह आणि जॉर्ज नॉरिस : पार्श्वभूमी

अमेरिकेतील ५० राज्यांपैकी ४९ राज्यांच्या विधिमंडळांना दोन सभागृहे आहेत. नेब्रास्कात मात्र एकच सभागृह आहे आणि त्याच्या निवडणुकीत मतपत्रिकेवर उमेदवाराच्या नावापुढे पक्षाचे नावही छापले जात नाही. या वेगळेपणाचे मूळ जॉर्ज विल्यम नॉरिस यांच्या चाळीस वर्षांच्या संसदीय कारकिर्दीत सापडते. कायद्यात काय लिहिले आहे यापेक्षा तो कोणत्या वाटेने आणि कोणाच्या परवानगीने सभागृहापुढे येतो, याकडे त्यांचे लक्ष अधिक असे.

नॉरिस यांचा जन्म ११ जुलै १८६१ रोजी ओहायोतील एका शेतकरी कुटुंबात झाला. वडील लहानपणीच गेले आणि थोरला भाऊ यादवी युद्धात कामी आला. वकिलीची पदवी घेऊन ते १८८५ मध्ये नेब्रास्कात आले, तेथे जिल्हा न्यायाधीश झाले आणि १९०२ मध्ये रिपब्लिकन पक्षाच्या तिकिटावर प्रतिनिधिगृहावर निवडून गेले.

त्या काळी प्रतिनिधिगृहात त्यांच्याच पक्षाचे सभापती जोसेफ कॅनन यांचा शब्द अखेरचा असे. समित्यांवर कोणाला घ्यायचे, बोलायची संधी कोणाला द्यायची, हे तेच ठरवत. कोणते विधेयक कधी चर्चेला घ्यायचे हे सांगणाऱ्या पाच जणांच्या नियम समितीचे अध्यक्षही तेच होते. साहजिकच नियम बदलण्याचा कोणताही ठराव त्याच समितीकडे जाई आणि तेथेच पडून राही. नॉरिस यांनी असाच एक ठराव लिहून खिशात ठेवला होता आणि तो मांडण्याची संधी ते बरेच दिवस शोधत होते.

ही संधी त्यांना कॅनन यांच्याच बाजूने मिळवून दिली. जनगणना करण्याचा आदेश राज्यघटनेतच आहे, म्हणून तिच्याविषयीचा प्रस्ताव इतर कामकाजाच्या आधी घेता येतो, असा निर्वाळा मार्च १९१० मध्ये सभागृहाने दिला. १७ मार्चला नॉरिस उठले, खिशातला कागद काढला आणि म्हणाले की प्रत्येक सभागृहाने आपले नियम आपण ठरवावेत हेही राज्यघटनेतच लिहिले आहे; मग माझ्या ठरावालाही तोच अग्रक्रम मिळाला पाहिजे. युक्तिवाद बिनतोड होता. त्या दिवशी सेंट पॅट्रिकचा सण असल्याने कॅनन यांचे अनेक समर्थक जागेवर नव्हते, म्हणून त्यांनी निर्णय लांबवला आणि कामकाज रात्रभर चालले. अखेर १९ मार्चला त्यांनी ठराव नियमबाह्य ठरवला. सभागृहाने तो निर्णय फिरवला आणि १९१ विरुद्ध १५६ मतांनी ठराव मंजूर केला. नियम समिती दहा जणांची झाली, तिचे सदस्य सभागृहाने निवडायचे ठरले आणि सभापतींना तिच्यातून वगळण्यात आले. लगेच त्यांना पदावरून दूर करण्याचाही प्रस्ताव आला, पण कॅनन यांच्याविरुद्ध गेलेल्या बहुतेक रिपब्लिकन बंडखोरांनी त्याला साथ दिली नाही. भांडण खुर्चीच्या अधिकारांशी होते, हे त्यावरून दिसते.

१९१३ मध्ये नॉरिस सिनेटमध्ये आले. पहिल्या महायुद्धात उतरण्याचा ठराव ४ एप्रिल १९१७ रोजी ८२ विरुद्ध ६ मतांनी संमत झाला, तेव्हा त्या सहांत ते होते. आपण राष्ट्रध्वजावर डॉलरचे चिन्ह उमटवायला निघालो आहोत, असे ते भाषणात म्हणाले. या वाक्याबद्दल त्यांच्यावर राजद्रोहाचा आरोप झाला, तरी पुढच्याच वर्षी नेब्रास्काने त्यांना पुन्हा निवडून दिले.

युद्धात स्फोटकांसाठी लागणारे नायट्रेट बनवायला सरकारने अलाबामातील मसल शोल्स येथे टेनेसी नदीवर कारखाने आणि धरण उभारायला घेतले होते. हेन्री फोर्ड यांनी १९२१ मध्ये हे कारखाने ५० लाख डॉलरना आणि धरण शंभर वर्षांच्या भाडेपट्ट्याने मागितले. कृषी समितीचे अध्यक्ष असलेल्या नॉरिस यांनी हा व्यवहार रोखून धरला. नदी सार्वजनिक मालकीचीच राहावी यासाठी त्यांनी आणलेली विधेयके आधी राष्ट्राध्यक्ष कूलिज आणि मग राष्ट्राध्यक्ष हूव्हर यांनी अडवली. १८ मे १९३३ रोजी नवे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या सहीने टेनेसी व्हॅली ऑथॉरिटी हे नदीखोऱ्याचे सरकारी महामंडळ स्थापन झाले.

एव्हाना त्यांच्या विरोधकांनी एक अजब डाव खेळून पाहिला होता. पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या १९३० च्या प्राथमिक निवडणुकीत ब्रोकन बो गावच्या एका किराणा दुकानदाराचा अर्ज दाखल करण्यात आला. त्याचेही नाव जॉर्ज डब्ल्यू. नॉरिस. एकाच नावाच्या दोन उमेदवारांमध्ये मतदारांचा गोंधळ उडावा, एवढाच हेतू होता. (नामसाधर्म्याचा उमेदवार ही युक्ती आपल्याकडच्या मतदारांना नवी वाटणार नाही.) अर्ज मुदतीनंतर पोहोचल्याने तो बाद झाला.

नोव्हेंबरात पराभूत झालेले सदस्य पुढच्या मार्चपर्यंत कायदे करत राहतात, ही पद्धत नॉरिस यांच्या चिकाटीमुळे १९३३ च्या विसाव्या घटनादुरुस्तीने संपली. राष्ट्राध्यक्षांचा शपथविधी ४ मार्चवरून २० जानेवारीवर आला. त्याआधी, १९३२ मध्ये, नॉरिस-ला गार्डिया कायद्याने कामगारांच्या संपांवर न्यायालयांनी मनाई हुकूम काढण्याला आळा घातला होता.

एका सभागृहाची मोहीम १९३४ ची. दोन सभागृहांची विधेयके जुळेनात, की काही निवडक सदस्यांची संयुक्त समिती बंद दाराआड बसून मसुदा ठरवते आणि नंतर जबाबदारी कोणाची ते मतदाराला कळतच नाही, हे नॉरिस यांनी वॉशिंग्टनमध्ये वर्षानुवर्षे पाहिले होते. त्यांनी मोटारीतून राज्य पालथे घातले, गावोगाव सभा घेतल्या. त्यात मोटारीचे टायर दोनदा झिजले, असे सांगतात. नोव्हेंबरात मतदारांनी घटनादुरुस्ती मान्य केली आणि जानेवारी १९३७ मध्ये १३३ सदस्यांच्या जुन्या विधिमंडळाच्या जागी ४३ सदस्यांचे नवे सभागृह भरले.

१९३६ मध्ये अपक्ष म्हणून निवडून आलेले नॉरिस १९४२ मध्ये मात्र हरले आणि २ सप्टेंबर १९४४ रोजी मकूक या आपल्या गावी वारले. त्यांच्या टेनेसी योजनेचा नमुना भारतातही उतरला : १९४३ च्या दामोदर नदीच्या पुरानंतर भारत सरकारने बोलावलेले टेनेसीतील अभियंता व्होर्डुइन यांनी दामोदर खोऱ्याचा प्राथमिक आराखडा १९४४ मध्ये सादर केला. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे मजूर सदस्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी जानेवारी १९४५ मध्ये कलकत्त्यात त्या योजनेवर परिषद घेतली आणि १९४८ मध्ये टेनेसीच्याच धर्तीवर दामोदर खोरे महामंडळ स्थापन झाले.